नीळ, ठसा आणि फूल : विल्यम मॉरिसच्या एका वस्त्ररचनेचा विचार

विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याच्या फुलापानांच्या नक्षीकडे बहुधा चित्र म्हणून पाहिले जाते. आधी कागदावरील रेखाटन, मग त्याची कापडावर उतरलेली प्रत, असा हा समज अपुरा आहे. १८८३ साली नोंदविलेली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही रचना त्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

विषय साधा आहे. केल्मस्कॉट येथील मॉरिसच्या बागेतून थ्रश पक्षी स्ट्रॉबेरी पळवीत. तेच पक्षी येथे समोरासमोर जोडीने बसले आहेत. परंतु रचनेचे मर्म रंगाईत आहे. लंडनजवळ वँडल नदीकाठी १८८१ साली सुरू झालेल्या मर्टन ॲबी येथील कारखान्यात सबंध कापड प्रथम निळीच्या कुंडात बुडवीत. बाहेर काढताना ते हिरवट दिसे, हवा लागताच निळे होई. नंतर लाकडी ठशांनी विरंजक द्रव्य छापून हव्या त्या जागची नीळ कमीअधिक उडवीत आणि तेथे तांबडा व वेल्ड या वनस्पतीचा पिवळा रंग चढवीत. फिकट निळ्यावर पिवळा पडला की पान हिरवे होई. हे फूल, म्हणजे, निळ्या भूमीवर ठेवलेले नाही. ते तिच्यातून कोरून काढलेले आहे. वेलबुट्टीची दाटी आणि भूमीची गर्दता यांचे नाते येथे उलगडते.

ही विद्या मॉरिसने हातांनी मिळविली. १८७५ पासून लीक येथे टॉमस वॉर्डल याच्या रंगशाळेत तो स्वतः कुंडापाशी राबला. (वॉर्डल हा भारतीय टसर रेशमाचाही जाणकार होता.) त्या काळी इंग्लंडात येणाऱ्या निळीचा मोठा भाग बंगाल-बिहारचा असे. तेथील रयतेचा उठाव १८५९-६० चा, आणि दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ १८६० चे. हिंदुस्थानातील लोककलेचा इंग्रजी व्यापाराने चालविलेला नाश मॉरिसने १८७९ च्या बर्मिंगहॅम येथील व्याख्यानात स्पष्ट शब्दांत निंदिला होता.

१८८३ च्या जानेवारीत मॉरिस समाजवादी चळवळीत शिरला; मे महिन्यात या रचनेची नोंद झाली. कला सर्वांची असावी असे सांगणाऱ्याच्या दुकानातील हे सर्वांत महाग छापील कापडांपैकी एक होते. याला दांभिकता म्हणणे सोपे आहे, पण महागाईचे मूळ त्या कुंडातच होते: प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, वेगळी धुलाई आणि कापड सुकण्याची वाट पाहण्यात जाणारे दिवस.