घातांकांचें मर्म

घातांकांचे नियम मुखोद्गत असलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात; परंतु परीक्षेच्या वेळीं घातांकांची बेरीज करावी कीं गुणाकार, ह्या विवंचनेंत त्यांपैकीं पुष्कळांची लेखणी अडते. मग “गणित ह्याच्या नशिबींच नाहीं” असें म्हणून पालकही स्वस्थ बसतात. आमच्या मतें दोष बुद्धीचा नसून घोकंपट्टीचा आहे.

घातांक म्हणजे केवळ मोजणी. १० चा ३ रा घात म्हणजे दहा तीनदां मांडून केलेला गुणाकार, अर्थात् १,०००. त्यास १० च्या २ ऱ्या घातानें गुणिलें, तर दहा एकंदर पांचदां आले. म्हणून गुणाकारांत घातांकांची बेरीज. भागाकारांत तितके दहा छाटले जातात; म्हणून वजाबाकी. ३ ऱ्या घाताचा पुनः २ रा घात केला, तर तीन-तीन दहांच्या दोन जुड्या झाल्या. म्हणून तेथें घातांकांचा गुणाकार. मात्र घातांकित संख्यांचीच बेरीज असेल, तर ह्यांतील एकही नियम लागू नाहीं. २ चा ३ रा घात ८ व ४ था घात १६. त्यांची बेरीज २४. २ चा ७ वा घात तर १२८ आहे!

शून्य घाताचें कोडेंही असेंच सुटतें. १,००० ला १,००० नें भागिलें असतां १ येतो, आणि नियमाप्रमाणें घातांक ३ वजा ३, म्हणजे शून्य होतो. म्हणून १० चा शून्य घात १. आणखी एक पायरी उतरलें कीं उणे १ घात, म्हणजे एकदशांश.

भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत दशगुणोत्तर अठरा नांवें दिलीं आहेत, परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. नांवें तेथें संपलीं, तरी घातांक संपत नाहींत. प्रमाणित रूपांत १ किंवा त्याहून मोठी, पण १० हून लहान अशी एक संख्या व तिच्याशीं गुणिलेला १० चा घात, इतकेंच लिहावयाचें असतें. सूर्य आपणांपासून सुमारें १५ कोटि किलोमीटर, म्हणजे १.५ गुणिले १० चा ११ वा घात इतके मीटर दूर आहे. प्रकाश सेकंदास सुमारें ३ गुणिले १० चा ८ वा घात इतके मीटर जातो. आतां भागाकार करूं. १.५ भागिले ३ म्हणजे ०.५, ११ वजा ८ म्हणजे ३. उत्तर ०.५ गुणिले १० चा ३ रा घात. तेंच प्रमाणित रूपांत ५ गुणिले १० चा २ रा घात, म्हणजे ५०० सेकंद. सूर्यप्रकाशास येथवर येण्यास सुमारें ८ मिनिटें २० सेकंद लागतात, हें दोन ओळींच्या गणितानें कळलें.

विद्यार्थ्यांनो, नियम आठवेनासा झाला, तर दहा कागदावर मांडून मोजा. नियम आपोआप हातीं येईल. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलास “नियम म्हणून दाखीव” असें न सांगतां “असें कां?” एवढेंच विचारावें. देवानें दिलेली बुद्धि समजून घेण्यासाठींच आहे.