कोटेशनमधली डीसीबीएक्सची ओळ : पैसे कशाचे द्यायचे?

ऐरोली-रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये रॅक भाड्याने घेऊन स्टोरेज आणि साधं नेटवर्क एकाच केबलवर आणायचं ठरलं, की इंटिग्रेटरच्या कोटेशनमध्ये एक ओळ दिसू शकते : 'डीसीबीएक्स कॉन्फिगरेशन, प्रति पोर्ट'. सही करण्याआधी त्या ओळीत काय असतं ते समजून घ्या.

लिंकच्या दोन टोकांच्या उपकरणांनी आपापल्या सेटिंग्ज एकमेकांना कळवायच्या, एवढंच डीसीबीएक्सचं काम. आठ प्रायॉरिटींपैकी कोणत्या प्रायॉरिटीचं पॅकेट गळू द्यायचं नाही (पीएफसी), कोणत्या गटाला बँडविड्थचे किती टक्के (ईटीएस), स्टोरेज कोणत्या प्रायॉरिटीत चालणार. हा निरोप एलएलडीपी या शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलमधून, बहुधा दर ३० सेकंदांनी जातो. डेटा सेंटरसाठीच्या स्विचमध्ये ही सोय सहसा मूळ सॉफ्टवेअरमध्येच असते. विंडोज सर्व्हरमध्ये डेटा सेंटर ब्रिजिंग हे फीचर वेगळे पैसे न देता चालू होतं, लिनक्सवर एलएलडीपॅड फुकट मिळतं. तेव्हा नुसत्या प्रोटोकॉलचे पैसे लावले असतील तर कारण विचारा. एफसीओईचं, म्हणजे इथरनेटवरून चालणाऱ्या फायबर चॅनल स्टोरेजचं, मात्र वेगळं आहे. सिस्कोच्या काही नेक्सस मालिकांत त्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

खरा खर्च इंजिनिअरच्या तासांचा, आणि दोन टोकांचा मेळ बसला नाही की तो फुगतो. २०११ चं आयईईई ८०२.१क्यूएझेड हे आजचं मानक. त्याआधीचे सीईई आणि सिस्को-इंटेल-नुओव्हा हे अवतार जुन्या उपकरणांत अजून सापडतात. नवा स्विच एक बोलतो, जुना दुसरंच. 'ऑटो' ठेवून बऱ्याचदा निभावतं, पण त्यावर विसंबू नका. दुसरी गोम 'विलिंग' या सेटिंगची, म्हणजे समोरच्याच्या सेटिंग्ज मान्य करायच्या का याची. कोअर स्विचने सांगायचं, म्हणजे तिथे ते बंद. खालच्या स्विचच्या अपलिंकवर आणि सर्व्हरवर चालू. दोन्हीकडे बंद असेल आणि सेटिंग्ज वेगळ्या असतील, तरी पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. रात्री बॅकअपचा भार आला की स्टोरेज रेंगाळतं, आणि दोष शोधायला दिवस जातात. हे दिवस कोणाच्या खिशातून, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणखी एक अडचण : इंटेलच्या ७०० मालिकेतल्या नेटवर्क कार्डांचं फर्मवेअर एलएलडीपीची पॅकेटं स्वतःच गिळतं, त्यामुळे लिनक्समधल्या एलएलडीपॅडला काही दिसतच नाही. इलाज एका कमांडचा आहे. त्याचं वेगळं बिल मान्य करू नका. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकारही डीसीबीएक्स ठरवत नाही. एफसीओईला सुमारे २,५०० बाइटची फ्रेम लागते आणि ती प्रत्येक स्विचवर हातानेच तपासावी लागते.

प्रति पोर्ट दर मला पटत नाही. एका पोर्टचा साचा तयार झाला की ४८ पोर्टवर तो काही मिनिटांत लागतो. आखणी, कॉन्फिगरेशन आणि चाचणी मिळून ठोक रक्कम ठरवा. पीएफसी बदलताना लिंक क्षणभर पडू शकते, म्हणून काम रात्रीच्या ठरलेल्या वेळेत होतं. डेटा सेंटरची रिमोट हँड्स सेवा ताशी पैसे घेत असेल तर ते कोण भरणार, हेही आधीच ठरवा. वर १८ टक्के जीएसटी येतो. नोंदणीकृत कंपनीला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून कोटेशन्सची तुलना कर वगळून करा.

शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्या. दोन्ही टोकांचं आउटपुट मागा : डीसीबीएक्सची आवृत्ती कोणती, पीएफसी कोणत्या प्रायॉरिटीवर खरोखर लागू आहे. शंका वाटली तर फुकटच्या वायरशार्कमध्ये पॅकेट पकडा. त्यातल्या डीसीबीएक्सच्या नोंदींवर ००-८०-सी२ हा ओळख-क्रमांक दिसला तर आयईईई, ००-१बी-२१ दिसला तर जुनं काहीतरी. मग पूर्ण भार चालू असताना एक लिंक काढायला लावा आणि एक स्विच रीबूट करायला लावा.

दोनच स्विच आणि डझनभर सर्व्हर असतील, तर या भानगडीत पडू नका. आयस्कझी स्टोरेजसाठी वेगळे पोर्ट ठेवा, किंवा दोन्ही टोकांना सेटिंग्ज हाताने सारख्या लिहा. स्वस्तात काम होतं.