काशीवास आणि सात्त्विक दान

संसाराचा भार मुलांवर सोपवून काशीवास करावा, ही महाराष्ट्रातील अनेक वृद्ध दांपत्यांची परंपरागत आकांक्षा होय. परंतु गंगास्नान, विश्वेश्वराचे दर्शन आणि अखेरीस मुक्ती एवढाच तिचा अर्थ घेतला, तर काशीवास म्हणजे केवळ मरणाची वाट पाहणे ठरेल.

योग्य स्थळी, योग्य काळी, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा पात्र व्यक्तीस कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक, असे श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील विसावा श्लोक सांगतो. काशी हे स्थळ आणि निवृत्तीचे वय हा काळ मानला, तर पात्र कोण?

१९०० साली काही तरुणांनी काशीच्या रस्त्यांवर असहाय पडलेल्या रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. १९०२ साली ते कार्य रामकृष्ण मिशनमध्ये समाविष्ट झाले. अशा सेवाश्रमात पतीने रुग्णास पत्र वाचून दाखवावे, पत्नीने पेज भरवावी. हेही दानच होय.

एकविसावा श्लोक मात्र सावध करतो. फळावर दृष्टी ठेवून अथवा कुरकुरत दिलेले दान राजस होय. म्हणून रुग्णाच्या आशीर्वादाची अपेक्षा नको, पुण्याचा हिशेबही नको. हिशेब सुटला की नित्याचे प्रसाद दिसू लागतात: तळमळणाऱ्या रुग्णास लागलेली झोप, थरथरत्या हातांतूनही न सांडलेली वाटी, आणि आयुष्यभर घरासाठी झिजलेला आपला जोडीदार आता परक्यासाठी झिजताना पाहण्याचे समाधान.

मुक्ती केव्हा यावी, हे त्या दोघांच्या हाती नाही. आजची पेज भरवणे हाती आहे.