अंकांत साठविलेला आवाज

आवाज ही अखंड लहर. संगणक मात्र केवळ अंक जाणतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर लहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजून प्रत्येक माप शून्य-एकाच्या १६ घरांत लिहितात. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदास १४,११,२०० घरे होतात!

हा पसारा आवरण्याच्या दोन रीती आहेत. फ्लॅक रीतीत अंकांची जणू घडी घालतात. ती उलगडताच मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो. एमपी-थ्री रीतीत कानास सहसा न जाणवणारे नाद गाळतात. फाईल लहान होते. परंतु पुढे तिचे फ्लॅक केले, तरी गाळलेले परत येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराल, तेव्हा मूळ प्रत फ्लॅकमध्ये जपावी. आप्तांना धाडण्यास एमपी-थ्री पुरे.