मुखत्यारी, प्रतिज्ञा आणि निमंत्रण : पुण्यातील सभासंस्था व फुले यांचे १८८५ चे पत्र

मराठी ग्रंथकारांच्या १८८५ सालच्या सभेचे निमंत्रण नाकारणारे जोतीराव फुले यांचे पत्र आपल्या वाङ्मयेतिहासात वारंवार उल्लेखिले जाते. त्या पत्रातील ‘घालमोडे दादा’ हा शब्दप्रयोग इतका गाजला की, पत्रामागील युक्तिवाद त्याच्या आड गेला. त्यामुळे पत्राची गणना बहुधा संतापाच्या उद्गारांत होते. वस्तुतः फुले यांनी त्यात आपल्या ‘सभा’ आणि आपली ‘पुस्तके’ यांचा उल्लेख जोडीने केला आहे आणि या दोहोंचा मेळ समोरच्यांच्या सभांशी व पुस्तकांशी बसत नाही, असे म्हटले आहे. पुस्तकांविषयीच्या पत्रात सभांचा विषय का यावा, याचे उत्तर पुण्याच्या सभासंस्थांच्या चाळीस वर्षांच्या व्यवहारात शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत विद्वत्सभा, क्लब आणि परोपकारी मंडळे यांचे दाट जाळे विणले गेले होते. मँचेस्टरची लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटी १७८१ ची, तर तेथील कारागिरांसाठीची मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट १८२४ ची. या संस्थांना मोठा आधार होता तो गिरण्या व व्यापार यांतून आलेल्या पैशाचा. पुण्यात गिरणीमालकांचा असा वर्ग नव्हता. होते ते पेशवाईनंतर उरलेले सरदार व इनामदार, सरकारी नोकर, पेन्शनर, शाळामास्तर, वकील आणि पेठांपासून लष्करापर्यंत पसरलेले व्यापारी व कंत्राटदार. १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने स्थापन झालेले नेटिव्ह जनरल लायब्ररी (आजचे पुणे नगर वाचन मंदिर) हे या नव्या वर्गाच्या संस्थाजीवनातील एक आरंभीचे पाऊल होय. येथील सभांचे भांडवल पैशाचे कमी आणि अक्षराचे अधिक होते. सभेत कोणाला शिरता येते, हा प्रश्न म्हणूनच आरंभापासून अक्षरज्ञानाशी, आणि अक्षरज्ञानाच्या वाटेने जातीशी, जोडला गेला.

दक्षिणा प्राइज कमिटीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावी, अशी मागणी १८४९ मध्ये पुढे आली. सनातन्यांचा विरोध प्रखर होता. मागणीच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत तरुण फुले होते. त्यातून १८५१ मध्ये कमिटी अस्तित्वात आली. १८५५ मध्ये याच कमिटीकडे फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठविले आणि कमिटीने ते नाकारले. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी या नकाराची नोंद करून त्याचा दोष कमिटीतील ब्राह्मण सभासदांकडे दिला आहे. नाटक छापले गेले ते १९७९ मध्ये. ज्या निधीचे दार उघडण्यास त्यांनी हातभार लावला, त्याच दारातून त्यांचे पहिले लेखन परत आले. हा तीस वर्षांपूर्वीचा अनुभव १८८५ च्या पत्राच्या वाचकाने डोळ्यांआड करू नये.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी हे तिचे निमित्त, आणि गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका हे तिचे प्राण. या सभेचा एक नियम विलक्षण होता. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असे तिच्या घटनेत होते. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारी होती. वर्गणी भरून किंवा नावाची शिफारस होऊन सभासद होण्याची विलायती पद्धत येथे पुरेशी मानली गेली नाही. ‘मुखत्यार’ हा शब्द दिवाणी कचेरीचा, फारसी वळणाचा. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा लेखी अधिकार असा त्याचा अर्थ. मतदानाचा हक्क नसलेल्या समाजात वकिलाच्या दप्तरातला हा कागद प्रतिनिधित्वाचे साधन बनला, ही सार्वजनिक काकांची कल्पकता मानली पाहिजे. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने गोळा केलेली माहिती आणि सरकारकडे धाडलेले अर्ज यांचे मोल निर्विवाद आहे.

तथापि मुखत्यारपत्रात एक अंतर गृहीत असते. मुखत्यार बोलतो, मुखत्यारी देणारा गप्प असतो. सही करणारा कुणबी किंवा माळी सभेच्या बैठकीत बसतोच असे नाही. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले, ते इंग्रजीत. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांना न कळणाऱ्या भाषेत सभा बोलू लागली. सरकारला ऐकवायचे तर त्या काळी दुसरा मार्ग सोपा नव्हता, हे खरे; परंतु मराठी गद्याच्या अभ्यासकाला या निवडीची किंमतही मोजावी लागते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाज निघाला. येथे सभासदत्वाची कसोटी प्रतिज्ञा ही होती. प्रतिज्ञा ज्याची त्यानेच घ्यायची. तिला मुखत्यार चालत नाही. १८७६ पर्यंत समाजाचे ३१६ सभासद झाले होते. संख्या मोठी नाही, पण हे ३१६ जण कोणाच्या वतीने नव्हे, स्वतः होते. पुरोहितावाचून लग्ने, विद्यार्थ्यांना मदत, १८७७ मध्ये दुष्काळग्रस्त मुलांसाठी धनकवडीचे अन्नछत्र अशी कामे समाजाने केली. समाजाच्या कार्याचे छापील वृत्तान्त मराठीत आहेत. एकाच्या नावात ‘हकीकत’ हा शब्द आहे, तर दुसऱ्याच्या नावात ‘रिपोर्ट’. बखरीच्या घरातला शब्द आणि कचेरीतला नवा शब्द या वृत्तान्तांत शेजारी बसलेले दिसतात. त्यांकडे केवळ चळवळीची साधने म्हणून पाहिले गेले. मराठी अहवालगद्याचे आरंभीचे नमुने म्हणूनही ते वाचण्याजोगे आहेत.

या दोन संस्थांतील माणसे एकमेकांना परकी नव्हती. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींच्या पुण्यातील मिरवणुकीत रानडे आणि फुले दोघेही होते. मतभेद वैराच्या पोटी जन्मले नव्हते, म्हणून ते अधिक मूलगामी ठरतात.

११ मे १८७८ रोजी रानडे यांच्या अध्यक्षतेखाली हिराबागेत ग्रंथकारांची पहिली सभा भरली. लोकहितवादी आणि रानडे यांनी फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाशा’तून तिचे आवाहन केले होते. दुसरी सभा २४ मे १८८५ ची, अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. या सभेत प्रवेश ना मुखत्यारीने होता, ना प्रतिज्ञेने. तो ग्रंथकर्तृत्वाने आणि निमंत्रणाने होता. ग्रंथकार कोणाचाच प्रतिनिधी नसतो, तो केवळ ग्रंथकार असतो, ही तिची न उच्चारलेली भूमिका. फुले यांनी बोट ठेवले ते नेमके येथे. सर्व माणसांचे हक्क जे खुशीने देत नाहीत, आणि ज्यांच्या वर्तनावरून पुढेही ते देतील असे अनुमान निघत नाही, त्यांच्याशी ग्रंथकार म्हणून एकत्र बसणे शक्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टा अनुभवाने ठाऊक नसलेल्यांच्या पुस्तकांत त्या कशा येणार, हा त्यापुढचा प्रश्न. म्हणजे हक्काचा करार आधी, ग्रंथांची सभा नंतर, असा हा क्रम आहे. फुले यांना एकी नको होती, असे म्हणणाऱ्यांनी पत्र पुन्हा वाचावे. एकीचे मूळ शोधा, असेच ते सांगतात.

रानडे यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ग्रंथ निघावेत, ते विकले जावेत, भाषांतरे व्हावीत, ही त्यांची चिंता अस्सल होती. १८९४ ची डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी त्याच चिंतेतून निघाली. पण ग्रंथप्रसार हा जातिनिरपेक्ष व्यवहार आहे, असे मानणे १८५५ चा नकार पचविलेल्या लेखकाला शक्य नव्हते.

फुले यांचा अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. वीस वर्षे पुण्यात एका सभेच्या नावाशी चिकटलेले विशेषण त्यांनी आपल्या ग्रंथाच्या मथळ्यावर घेतले. पुढे १८९५ मध्ये टिळकपक्षाने बहुमताच्या बळावर सार्वजनिक सभा ताब्यात घेतली. सभा नक्की कोणाची, हा प्रश्न या वेळी तिच्या जुन्या चालकांपुढेच उभा राहिला. रानडे आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले व १८९६ मध्ये त्यांनी नवी सभा काढली. तिच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द नव्हता. ती ‘डेक्कन सभा’ होती. ग्रंथकारांची तिसरी सभा मात्र १९०५ पर्यंत भरली नाही, आणि भरली ती साताऱ्यास.