ई-स्कूटरची डीलरशिप घ्यायची? आधी हा हिशोब मांडा

आपल्या पेणकरपाड्यातलाच एक मुलगा मागच्या आठवड्यात दुकानात आला. काकांचा गाळा रिकामा आहे, इलेक्ट्रिक स्कूटरची डीलरशिप मिळतेय, डिपॉझिट आणि पहिला स्टॉक धरून बारा लाख लागतात. त्यातल्या आठ लाखांचं कर्ज मंजूर व्हायच्या बेतात आहे. "ताई, पुढचा जमाना ईव्हीचाच आहे ना? मग घेऊन टाकू?"

जमाना ईव्हीचाच आहे, त्यात वाद नाही. पण जमाना सावकाश येतो आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. त्याला कागदावर जे मांडून दाखवलं तेच इथे लिहितेय, कारण व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात.

सुरुवात अनुदानापासून. समजा स्कूटरची बॅटरी 3 युनिटची, म्हणजे 3 किलोवॅट-तासांची आहे, आणि कारखान्यातून निघतानाची किंमत 1,10,000 रुपये. जून 2021 पासून केंद्राच्या फेम-2 योजनेत युनिटमागे 15,000 मिळायचे, मर्यादा किमतीच्या 40 टक्के. म्हणजे या गाडीला 44,000. मग 1 जून 2023 ला युनिटमागे 10,000 झाले आणि मर्यादा आली थेट 15 टक्क्यांवर. तीच गाडी, अनुदान 16,500. एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 10,000. पुढे पीएम ई-ड्राइव्ह आली, तिच्यातही 1 एप्रिल 2025 पासून 5,000.

चार वर्षांच्या आत 44,000 चे 5,000. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. बॅटरी स्वस्त होत गेली, अनुदान कधीतरी कमी होणारच होतं. प्रश्न असा की तारीख बदलते त्या रात्री माल कोणाच्या गाळ्यात उभा असतो?

माझ्या उभा होता. तेव्हा मी स्पेअर पार्टच्या दुकानाला जोडून एका छोट्या कंपनीची सब-डीलरशिप घेतली होती. मे 2023 मध्ये भाव वाढणार म्हणून लोकांची झुंबड. देशभरात त्या महिन्यात एक लाखाच्या वर ई-दुचाकींची नोंदणी झाली. मीही जोशात पाच गाड्यांचे पैसे भरले. गाड्या आल्या जूनमध्ये, आणि जूनमध्ये देशाची विक्री मेच्या निम्म्यावरही राहिली नव्हती. पाच गाड्या विकायला मला दिवाळी उजाडली. पुढे कंपनीने पार्ट पाठवणंच बंद केलं. गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही हो, ते दुकानाला ओळखतं. कंट्रोलर कधी येणार, हे विचारायला लोक माझ्या काउंटरवर यायचे.

पार्ट का अडतात, हेही समजून घ्या. अनुदान हवं असेल तर ठरलेले भाग देशातच बनलेले हवेत, अशी अट आहे. ती पाळली नाही म्हणून काही कंपन्यांचं अनुदान सरकारने रोखलं, काहींकडे परत मागितलं. ज्यांचा धंदाच अनुदानावर उभा होता, त्यांची कंबर मोडली. मोठ्यांनाही सुटका नाही. मोटरमध्ये दुर्मिळ मृदा धातूंचे चुंबक लागतात आणि त्यांचा बहुतेक पुरवठा चीनकडून होतो. एप्रिल 2025 मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. जुलैमध्ये राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. पुण्याच्या बजाजची ही गत, तर भाड्याच्या शेडमध्ये किट जोडणाऱ्याची काय होईल?

आता जीएसटी. हा भाग दोनदा वाचा, कारण डीलरशिप देणारा सेल्समन हे सांगत नाही. ई-स्कूटरवर 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवर 28 चे 18 टक्के झाले, म्हणजे समोरची ॲक्टिव्हाही स्वस्त झाली. हे एक. दुसरं, तुम्ही 5 टक्क्यांनी घेता, 5 टक्क्यांनी विकता. गाडीमागे मार्जिन समजा 8,000, तर भरायचा निव्वळ कर 400. गाळ्याचं भाडं 30,000 असेल तर त्यावर 18 टक्क्यांनी 5,400 रुपये जीएसटी. हे क्रेडिट संपवायलाच महिन्याला 14 गाड्या विकायला हव्यात. नाहीतर ते लेजरमध्ये पडून राहतं, कारण भाडं ही सेवा आहे आणि अशा उलट्या दराच्या प्रकरणात सेवेवरच्या कराचा परतावा मिळत नाही. सर्व्हिसिंगची मजुरी आणि स्पेअर मात्र 18 टक्क्यांचे, तिथे ते क्रेडिट वापरलं जातं. काकांचा गाळा फुकट असेल तर हा मुद्दा तुम्हाला नाही. पण काका कायम फुकट देतील का, तेही विचारून घ्या.

राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धी, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टोलमाफी आहे. छान आहे, पण या रस्त्यांवर स्कूटरला मुळात प्रवेशच नाही, त्यामुळे बोर्डावर लिहू नका.

त्याला म्हटलं, सही करण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी माग. अनुदान बदललं तर पडलेल्या स्टॉकचा फरक कोण भरणार? बॅटरी आणि कंट्रोलर किती दिवसांत मिळणार, आणि उशीर झाला तर काय? कंपनीने हे मॉडेल बंद केलं तर वॉरंटी कोण सांभाळणार? आणि तोवर आसपास डिलिव्हरीवाल्यांच्या ज्या ई-स्कूटर फिरतात, त्यांची ब्रेक, टायर, वायरिंगची कामं घे. बॅटरी उघडायची मात्र नाही, त्याचं रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय तर नाहीच.

परवा त्याचा फोन आला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने मेलवर दिलंय, पहिल्याचं आणि तिसऱ्याचं "मीटिंगमध्ये बोलू" म्हणालेत. कर्जाची फाइल त्याने बँकेतच थांबवून ठेवली आहे.