मासे आणण्यापूर्वी

काचेच्या नव्या पेटीत खारे पाणी भरले, हवेचा पंप सुरू केला आणि त्याच दिवशी मासे सोडले, तर बहुधा ते थोड्याच दिवसांत मरतात. पाणी तर आरशासारखे नितळ असते. मग मासे मरतात कशाने?

माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. अफाट समुद्रात तो विरून जातो; पेटीत मात्र साठत राहतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. शिवाय पाण्याचा सामू जितका अधिक, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो.

हे विष दूर करतात जीवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो; तेही घातकच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते पुष्कळ कमी घातक असते. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. सेर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. दह्याच्या जीवाणूंप्रमाणे ते एका रात्रीत वाढत नाहीत. त्यांना आठवडे लागतात.

दह्याला विरजण लागते, तसे पेटीलाही. परदेशांत त्यासाठी ‘जिवंत खडक’ वापरतात. हा प्रवाळांच्या मृत सांगाड्यांचा सच्छिद्र दगड असतो. त्याच्या पृष्ठभागावर नायट्रीकरण होते. आतल्या छिद्रांत ऑक्सिजन पोहोचत नाही. तेथे दुसरे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात.

मग मालवणहून असा तुकडा आणावा काय? मुळीच नाही! तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा, आणि विरजण म्हणून एखाद्या जुन्या, निरोगी सागरी पेटीतील गाळणीच्या स्पंजाचा तुकडा आणावा.

आता कृती पाहू. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी मिळते. शुद्धीकरणासाठी त्यात क्लोरीन घालतात, आणि क्लोरीन आपल्या जीवाणूंनाही मारतो. म्हणून प्रथम ‘हायपो’ने तो घालवावा. मग सागरी क्षारांचे मिश्रण विरघळवून पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ पर्यंत आणावी. नुसते स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; त्यात समुद्रातील मॅग्नेशियम व कॅल्शियम पुरेसे नसते. दगड आणि स्पंज ठेवून पंप सुरू करावा आणि चिमूटभर खाद्य टाकावे. मासा अजून नाही!

दर दोन दिवसांनी परीक्षण-संचाने तिन्ही पदार्थ मोजा आणि आलेख काढा. आधी अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट. शेवटी नायट्रेट वाढत जाईल. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा चिमूटभर खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट शून्यच राहिले, की पेटी तयार झाली असे समजावे. तरीही प्रथम एकच मासा सोडा. जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. दहा माशांचा भार त्यांना एकदम पेलत नाही.

जीवाणू पाण्यात थोडे आणि दगडावर फार असतात. मग थोडे पाणी बदलले तर चालते, पण दगड नळाखाली धुतला तर काय होईल? आणि वीज जाऊन पंप बराच वेळ बंद पडला तर? आपल्या आलेखाकडे पाहून उत्तरे शोधा.